पंखा अजून आला नाही

"पंखा अजून आला नाही," गुनवोर म्हणाली.

पंखा तिच्या टेबलाच्या खणात होता. मंगळवारपासून.

सिक्स्टेनने दारातच बूट काढले आणि कोपऱ्यात ठेवलेल्या आपल्या लोकरी सपाता पायांत सरकवल्या. महिन्याभरापूर्वी त्या त्याने इथे आणल्या आणि परत नेल्याच नाहीत.

"दोन आठवडे झाले की गं. चालत निघालाय का तो?"

"तुझा लॅपटॉप तुझ्याच वयाचा आहे. सुटे भाग सहज मिळतात होय?"

"माझेही मिळत नाहीत," तो म्हणाला आणि कॉफी गाळायला स्वयंपाकघरात गेला. कप कुठे आहेत हे त्याला विचारावं लागत नसे.

खरं तर अर्ध्या तासाचं काम होतं. मासेमारीच्या बोटींवरचे रेडिओ दुरुस्त करण्यात गुनवोरची तीस वर्षं गेलेली. त्यापुढे हा लॅपटॉप म्हणजे काहीच नव्हे. पंखा धुळीने जाम झाला होता, मशीन पाच मिनिटांत तापून बंद पडायचं, एवढंच. पण ते देताना सिक्स्टेन म्हणाला होता, "यात एक शेवटचं काम राहिलंय. ते झालं की सुटलो. आणि आत डोकावू नकोस हं."

ते 'शेवटचं' तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

आमच्या या उत्तरेकडच्या थंड देशात सत्तरी उलटली की माणसं घर आवरायला काढतात. मागे राहणाऱ्यांना उस्तवार नको म्हणून. मरणाची आवराआवर म्हणतात तिला, आणि कॉफी पिता पिता तिच्याबद्दल मजेत बोलतातही. पण सिक्स्टेन जरा जास्तच झपाट्याने आवरत होता. स्की शेजारणीच्या मुलीला दिल्या. होडी चुलतभावाला. रोटीचं खाचांचं लाटणं, आजोबांची कॉफीची किटली आणि धडधड वाजणारं घड्याळ गुनवोरकडे आणून ठेवलं. "तुझ्याकडे असू दे," एवढंच म्हणाला. आज काखेत वाचायचा दिवा होता.

"अरे, मग तू वाचणार कशाच्या उजेडात?"

"वाचेन ना."

"घरात उरलंय तरी काय आता?"

"घरही भाचीला देतोय. जूनमध्ये यायचीय ती."

"आणि तू?"

"माझी होईल काहीतरी सोय."

गुनवोरने दालचिनीचा पाव त्याच्यापुढे सरकवला. चाळीस वर्षांची मैत्री, दोन्हीकडचे जोडीदार दोघांनी मिळून दफनभूमीत पोहोचवलेले, आणि हा गाढव आपला आजार तिच्यापासून लपवत होता! त्याचा तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. पंखा खणात आहे तोवर त्याचं काम अडलेलं आहे, असा तिचा वेडा हिशेब होता.

सिक्स्टेनने खिशातून घडीची मोजपट्टी काढली आणि खिडकीखालची भिंत मोजली. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाला तरी त्या पट्टीवाचून तो बाहेर पडत नसे.

"आता काय मोजतोयस?"

"खिडकी वाकडी आहे तुझी. दोन बोटं."

"असू दे. मी सरळ आहे ना."

"तू? त्याबद्दल न बोललेलं बरं," असं म्हणत तो पायऱ्यांवरचा आणि वाटेवरचा बर्फ ओढायला बाहेर गेला.

फावड्याचा आवाज ऐकत ती बसून राहिली. आपण फार स्वार्थीपणा करतोय, असं तिला एकदम वाटलं. त्याचं काम अडवणारी ती कोण? तिने खण उघडला.

जुना पंखा काढताना त्याच्यात राखाडी केस निघाले. गेल्या वर्षी गेलेल्या त्याच्या कुत्र्याचे. ते तिने कागदात बांधून ठेवले. नवा पंखा बसवला, उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. मशीन जिथे बंद पडलं होतं तिथूनच उघडलं.

पडद्यावर एका खोलीचा नकाशा होता. भिंतीलगत एक पलंग. खिडकीखाली आरामखुर्ची. उशाशी दिवा. दाराशी बारीक अक्षरांत 'सपाता'. वृद्धाश्रमातल्या अशा खोल्या तिने पाहिल्या होत्या. तिथून कोणी परत येत नाही.

सिक्स्टेन आत आला. टोपीवर बर्फ तसाच होता. पंख्याची घरघर ऐकून तो थबकला.

"आला वाटतं पंखा."

"मंगळवारीच आलाय. मी लपवला होता."

"का गं?"

"तुझं काम संपू नये म्हणून." तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"आता तरी खोटं बोलू नकोस. मी खोली पाहिली."

त्याचे कान लाल झाले. "डोकावलीस तर. मला पूर्ण करून मग विचारायचं होतं."

"लहान आहे रे खोली. खिडकी आहे, तेवढंच बरं."

"वाकडी आहे पण ती," तो हळूच म्हणाला.

गुनवोरने चष्मा लावला आणि पडद्याजवळ वाकली. खिडकीच्या बाजूला एक लांबट चौकोन होता. त्यात सिक्स्टेनने लिहिलं होतं: 'गुनवोरचं कामाचं टेबल. हलवायचं नाही.'