साबणाची दाढ

“नवा साबण कुणी कुरतडला?” न्हाणीघरातून बाबांनी विचारले.

“कुरतडला नाही, दाढ कोरलीय,” दहावी उत्तीर्ण झालेली ऋजुता म्हणाली. “मला दंतवैद्य व्हायचंय. त्यासाठी अकरावीला जीवशास्त्र हवं.”

“इलेक्ट्रॉनिक्सच घ्यायचं. गुण भरपूर मिळतात.”

“मग ‘नीट’ परीक्षेला बसताच येणार नाही, बाबा!”

आजोबांनी ती दाढ हाती घेतली. दात गेल्यापासून त्यांनी सायंकाळचे स्तोत्र सोडले होते. अशुद्ध उच्चार देवाला ऐकवणे त्यांना मान्य नव्हते. “जीवशास्त्र घेऊ दे तिला,” ते म्हणाले. “माझी सैल कवळी हीच बसवील.”

“सात वर्षं लागतील, आजोबा. तोवर देवाला बोबडंच ऐकवा.”

बाबांना हसू आवरेना. “घे बाई जीवशास्त्र.”

त्या दिवेलागणीला आजोबांनी देवापुढे आसन मांडले आणि बोबड्या स्वरात स्तोत्राचा आरंभ केला.