फळ्या वाळेपर्यंत

ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया फळीत टोचल्या आणि काटा पुन्हा तिथंच जाऊन बसला. सुतारानं यंत्र झटकलं, शेजारच्या फळीवर लावून पाहिलं. तेच.

"अजून किती दिवस, मिस्त्री?" घरातल्या मुलानं विचारलं. मुलगा कसला, चाळिशी उलटलेला बाप्या. रोज आल्या आल्या त्याचा हा एकच प्रश्न.

"कुठंतरी पाणी मुरतंय," सुतार म्हणाला. "आणि हे मी म्हणीतलं बोलत नाही."

मुलगा हसला नाही. फोन वाजला तसा तो बाहेर गेला.

सुतारानं हात टेकले होते. भिंतीतला फुटलेला पाइप केव्हाच बदलून झाला होता. पंखे चालू होते, खिडक्या सताड उघड्या होत्या. तरी बाहेरच्या खोलीची लाकडी जमीन वाळायचं नाव घेत नव्हती. फळ्यांच्या कडा उचललेल्या, मधे खोलगट. रंधा मारून सपाट करायला फार वेळ लागला नसता, पण ओल्या फळीला रंधा लावायचा नाही. तशी घाई केली, की वाळल्यावर तीच फळी मधे फुगते आणि सुताराचं नाव जातं. तरुणपणी एकदा तो या घाईत तोंडघशी पडला होता. तेव्हापासून कानाला खडा.

घर विकलं गेलं होतं. जमीन दुरुस्त झाली की नवे मालक राहायला येणार होते. मुलगा दूरच्या शहरात दीड खोलीत राहायचा, बायको आणि दोन पोरं धरून. तिथं पाचवी उशी ठेवायलाही जागा नव्हती, म्हणून आईची सोय वृद्धाश्रमात ठरली होती. तिकडे साहेब त्याच्या नावानं खडे फोडत होता. आणखी रजा वाढवली तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं. हे सगळं सुताराला पहिल्याच दिवशी कळलं होतं, कारण मुलगा फोनवर मोठ्यानं बोलायचा. आई शेजारीच भाजी निवडत बसलेली असायची.

त्या दिवशी सुतार दुपारी जेवायला निघाला आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला. दार नुसतं लोटलेलं होतं. म्हातारी खिडकीपाशी गुडघे टेकून बसली होती. हातात पाण्याचा पेला. फळ्यांच्या फटीत ती जरा जरा पाणी सोडत होती आणि तळव्यानं जिरवत होती, लेकराच्या टाळूवर तेल जिरवावं तसं.

"मावशी, हे काय करताय?"

ती दचकली, पण पेला काही लपवला नाही.

"हे वाळलं की तो जाईल," ती म्हणाली. "घाई झालीय त्याला. रोज विचारतो ना तुम्हाला, किती दिवस म्हणून. मी जड झालेय. त्याची तरी काय चूक म्हणा. पण आहे तोवर समोर बसून जेवतो, तेवढंच."

सुताराला खरं तर रागवायला हवं होतं. त्याची इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात चालली होती. पण खिशातला रुमाल काढून तो उगाच कोरडीच फळी पुसत राहिला.

"अजून आठवडा लागेल, असं सांगतो मी त्याला," तो शेवटी म्हणाला.

मग त्याच्यातला सुतार गप्प बसेना. पेलाभर पाण्यानं खिडकीजवळच्या चार फळ्या भिजतील. पण सगळ्यांत जास्त ओल खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, मुलगा झोपायचा त्या खोलीच्या दाराशी.

"तिकडेही ओतता का?"

"नाही हो. त्याच्या दारात जाऊन कशाला ओतू? पकडली नाही का जाणार?"

सुतार दाराशी गेला. तिथं जाड पायपुसणं होतं. त्यानं ते उचललं. खाली एक निळा टॉवेल निघाला. चिंब भिजवलेला, नीट घडी घातलेला, बरोबर फटींवर बेतून अंथरलेला.

म्हातारी भिंत धरत धरत जवळ आली. बराच वेळ बघत राहिली.

"त्याचाच आहे," ती म्हणाली. "धुवायला मागत होते, तर म्हणाला हरवला."

तिचे डोळे भरून आले. "आणि मी त्याला काय काय समजत होते, मिस्त्री. माझ्यापायी पोरगं नोकरी घालवून बसेल."

ती वाकली. टॉवेल उचलून तिनं मोरीत नेला आणि पिळला. शेवटचा थेंब निघेपर्यंत पिळला.

संध्याकाळी मुलगा परत आला. चपला काढता काढताच त्यानं विचारलं, "अजून किती दिवस, मिस्त्री?" आज सुतारानं पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथं घाई नव्हती, धास्ती होती.

मुलाची नजर पायपुसण्याकडे गेली. ते भिंतीला टेकवून उभं केलेलं होतं. मग नजर खिडकीतल्या दोरीकडे गेली आणि तिथंच थांबली.

"टॉवेल वाळत घातलाय रे," आई म्हणाली. "जाताना विसरू नकोस."