रजईवरचा सराव

सुहासिनीने कॅरिबियन मंडळात तेलाच्या पिंपापासून बनवलेलं स्टीलपॅन हे वाद्य शिकायला घेतलं खरं, पण ओजिमा भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये आवाज करायची चोरी! मग काय, रोज दुपारी रजईवर पातेलं पालथं घालून ती हळूच सराव करायची. खालच्या मजल्यावरचे मोरिता-सान लिफ्टमध्ये भेटले की ती नजर चुकवून मजल्यांचे आकडेच बघत राहायची.

योकोहामाच्या कार्निव्हलमध्ये मात्र तिने भर रस्त्यात असा पॅन वाजवला, की बंदोबस्तावरचा पोलीससुद्धा डोलायला लागला. मिरवणूक थांबली, तर गर्दीतून मोरिता-सान पुढे आले. ती ओशाळून कमरेत वाकली. "माफ करा, रोज त्रास होतो ना तुम्हाला?"

मोरितांनी छत्रीच्या दांड्याने रस्त्याकडेच्या कठड्यावर तिच्याच वादनातला एक ठेका वाजवला. "दोन वर्षं रोज इथेच अडखळत होतात. आज नाही अडखळलात!"