घरघर

“पोरी, तुही गाडी मुकी होऊन गेली वं,” कंपाउंडच्या भिंतीपलीकडून पार्बताबाई म्हणाल्या होत्या. “पहिले बंद केली तरी घुंगत राहे. आता काहून नाई घुंगत?”

दीक्षा हसली होती. “आवाज नाही तेच बरं ना, मावशी. तुमच्या कूलरचा काय कमी आहे?”

त्यांचा पत्र्याचा कूलर दीक्षाच्या बेडरूमसमोरच घरघरायचा. त्याच्या तालावर तिची मुलगी झोपायची. सत्तरी ओलांडलेली एकटी बाई, बोलायला कुणीतरी हवं असतं. दीक्षानं ते बोलणं तेवढ्यावरच सोडून दिलं.

आठवलं ते आज, अमरावतीहून अकोल्याला माहेरी जाताना. मूर्तिजापूरच्या अलीकडे ट्रक आडवा झालेला. मे महिना, दुपारचे बारा. अर्धा तास रांग जागची हलली नव्हती. एसीतून गरम हवा यायला लागली आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. मागच्या सीटवर आठ महिन्यांची मुलगी किरकिरत होती. सकाळपासून डोळ्याला डोळा लागला नव्हता तिचा. का, ते कळत नव्हतं.

दीक्षानं गाडी कशीबशी कडेला, पंक्चरच्या दुकानासमोर कडुनिंबाखाली घेतली. मुलीला कडेवर घेऊन बॉनेट उचललं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच दुकानातला मोतीराम ओरडला.

“ओ ताई! तोंड भाजून घ्याचं हाय का? निवू द्या पहिले.”

गाडी निवेपर्यंत तिनं मुलीच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला. दूध पाजलं. डायपर चाचपलं. ओलं होतं, म्हणजे अंगात पाणी आहे. पाच मिनिटांनी पुन्हा चाचपलं.

मोतीरामनं रेडिएटरमध्ये पाणी पाहिलं, थोडं घातलं. “आता चालू करा. एसी लावा.”

दोघांनी कान दिले.

“पंख्याचा आवाज येते?”

“नाही.”

“तेच तं. चालत्या गाडीले वारा लागते, ताई. उभ्या गाडीले पंखाच पाहिजे. कवापासून बंद हाय?”

दीक्षाला पार्बताबाईंचं ते ‘मुकी’ आठवलं.

फ्यूज शाबूत होता. मोतीरामनं पंख्याचा रिले, काळी चौकोनी डबीच ती, उपसून फेकला. हॉर्नचाही तसाच होता. तो काढून पंख्याच्या जागी खोचला. पंखा एकदा अडखळला आणि घरघरत फिरायला लागला.

“घ्या! आता हॉर्न नाई वाजणार. कोनी आडवं आलं तं तोंडानं वरडजा.”

दीक्षा हसली. काटा हळूहळू खाली येत होता. तिनं कडेवरच्या मुलीकडे पाहिलं.

मुलगी त्या घरघरीच्या तालावर गाढ झोपली होती.

दीक्षाचं हसू जागच्या जागी विरलं. सकाळपासून झोपली नव्हती ती. सकाळी खिडकीशी घरघर नव्हतीच. लाइट होती, दीक्षाच्या घरात तर पंखा फिरत होता. भिंतीपलीकडे मात्र काहीच वाजलं नव्हतं. आणि तिला वाटलं होतं, आज किती शांत आहे.

तिनं पार्बताबाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

“निघा ना ताई, रांग सरकली,” मोतीराम म्हणाला.

तिनं हातानंच त्याला थांब म्हटलं. गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी बोअरच्या पाण्यावरून भांडत होतं. त्याच्याखाली तिनं घाईघाईनं लिहिलं:

“जे कोणी हे वाचत असाल, आधी पार्बताबाईंच्या खिडकीशी जा. कूलरचा आवाज येतो का बघा. नसेल तर दार ठोठावा.”