यादीतला दगड

कारकुनाने फाइलमधून एक जुना कागद काढून त्याच्यासमोर सरकवला. "ही सही तुमचीच ना, साहेब?"

सही त्याचीच होती, नऊ वर्षांपूर्वीची. वर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं: 'गिरणीत दळला जाणारा दगड चकमक नव्हे, चर्ट आहे.' आधीचा तपासनीस पंधरा वर्षं त्या दगडाला चकमक म्हणत आला होता. त्या म्हाताऱ्याची चूक यानं पकडली, त्याची खुर्ची मिळवली आणि पुढे महिनाभर जेवताना घरच्यांचे कान किटवले. मेहुणा त्याच गिरणीत दगड दळायचा. सगळ्यात मोठ्याने तोच म्हणाला होता, "भाऊजी, मानलं बुवा तुम्हाला!"

तो मेहुणा आता बाहेर बाकावर खोकत बसला होता. त्याची छाती दगडाच्या धुळीनं भरली होती. छातीच्या दवाखान्यात फुकट भरती व्हायचं तर दळलेला दगड सरकारी यादीत हवा. यादीत चकमक होती. चर्ट नव्हता.

त्याने खिशातून दोन दगड काढून टेबलावर ठेवले, एक काळा, एक करडा. "अहो, बघा तरी. ही चकमक, खडूच्या थरात सापडते. हा चर्ट, चुनखडीतला. एवढाच काय तो फरक. दळल्यावर धूळ एकच, आणि छातीची वाटही सारखीच लावते."

"यादीत धुळीचं नाव नाही, दगडाचं आहे." कारकून वाईट माणूस नव्हता. इकडेतिकडे बघून त्याने कोरा कागद पुढे केला. "लिहा, तेव्हा माझी चूक झाली, दगड चकमकच आहे. आजच्या आज पुढे पाठवतो."

त्याने पेन उघडलं. 'माझी चूक' इथवर लिहिलं आणि हात अडला. अरे, बायकोचा सख्खा भाऊ बाहेर मरतोय! पण नाही. त्याने ते दोन शब्द खोडले आणि खरं तेच लिहिलं: 'चकमक ही चर्टचीच एक जात आहे.' त्याला वाटलं, सापही मेला आणि काठीही तुटली नाही.

कारकुनाने ते दोनदा वाचलं. "म्हणजे चकमक असेल तर ती चर्टच. पण चर्ट असला म्हणून तो चकमक असेलच असं नाही. बरोबर?"

"बरोबर," तो म्हणून गेला. सवय, दुसरं काय!

कारकुनाने सुस्कारा टाकला आणि अर्जावर शिक्का मारला. नामंजूर.

बाहेर मेहुणा उठू लागला, पण खोकल्याने पुन्हा खाली बसला. भाऊजींच्या हातातले दगड त्याने आपल्या हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले. तेवीस वर्षं हेच दळलं होतं त्याने.

"ह्यातला माझ्या छातीतला कोणता, भाऊजी?"

त्याने काळ्या दगडावर बोट ठेवलं. "हा. चकमक."

"मग काय," मेहुणा हसला, "झालं आपलं काम."