बिनभाताची बिर्याणी

"आटप की लवकर! साहेबांचं इराणपुराण सुरू होईल तिकडे," आशिष दारातूनच ओरडला.

त्याची बायको कीर्ती चहा पीत होती. बिनसाखरेचा, खडीसाखरेचा खडा दातांत धरून. सिल्वासाच्या शाळेत शिकवून शिकवून घसा बसतो म्हणे, म्हणून गेले पाच महिने तिचं हे असंच चाललं होतं.

आशिषबरोबर काम करणारा राजेंद्र कालच इराणमधल्या इस्फहानहून परतला होता. ब्याण्णवच्या गणपतीत मसाटच्या त्यांच्या कारखान्यानं तिकडच्या एका गिरणीत मशीन बसवायला इंजिनियर पाठवायचं ठरवलं, तेव्हा आशिषनं पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता. गेला मात्र राजेंद्र, चांगले सहा महिने. तेव्हापासून आशिषच्या पोटात दुखत होतं, आणि ते लपवण्याचे कष्टही तो घेत नव्हता.

राजेंद्रच्या घरी कॉलनीतली मंडळी जमली होती. कबाब खायचा तर नदीवरच्या पुलाजवळ, बिर्याणी खायची तर बाजारातल्या बोळात, असं त्याचं चाललं होतं.

"पण तिथल्या बिर्याणीत भात नसतो हं. रोटीवर खिमा, बस."

आशिष खो खो हसला. "बिनभाताची बिर्याणी! अरे, तू सहा महिने कँटीनमध्येच जेवलास. कबूल कर ना!"

सगळेच हसले. राजेंद्रचा चेहरा उतरला. आशिषला सहा महिन्यांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

तेवढ्यात राजेंद्रची बायको अरुणा चहा घेऊन आली. सोबत बशीत साखरेचे खडे.

"हे बघा," राजेंद्र म्हणाला. "तिथल्या चहाच्या दुकानात साखर चहात घालत नाहीत. खडा दातांत धरायचा आणि वरून चहा प्यायचा. बघू कुणाला जमतंय."

कुणालाच जमेना. धुळ्याकडच्या गोकुळ फोरमननं खडा कडाकडा चावून टाकला. "आपली साखर कपात टाकेलच बरी, साहेब!" अरुणाचा खडा तर चहातच पडला. कीर्तीनं कप उचललाच नाही.

आशिषला आणखी चेव आला. "यात कसलं आलंय इराण? आमची कीर्ती पाच महिने रोज असाच पिते! दाखव गं यांना."

कीर्तीनं मान वर केली नाही. राजेंद्र खिडकी उघडायला उठला. खिडकी उघडीच होती.

अरुणानं कप खाली ठेवला.

"मला तर," ती म्हणाली, "यांनी पत्रात हे कधीच लिहिलं नाही."