डाव संपेपर्यंत

हेमंत गुर्जर सकाळी वारले. आत्ता ते खाटेवर बसून चहात बिस्किट बुडवत होते.

“यांचा ऑक्सिजन का काढला?” त्यांच्या बायकोने, शलाकाने, विचारलं.

वॉर्डातलं उपचार ठरवणारं यंत्र ‘गो’ या खेळातली, सोंगट्या जगतील की मरतील ही कोडी सोडवून तरबेज झालं होतं. “ताई, यांना वाचवणारी चालच उरली नाही. मेलेल्या सोंगटीवर चाल वाया घालवत नाहीत.”

“अरे, ते चहा पिताहेत!”

“हो. मेलेल्या सोंगट्या डाव संपेपर्यंत पटावरच असतात.”

हेमंतरावांना धाप लागली. “वाद नको घालूस, शलाका. हरशील.”

तक्रार त्याच यंत्राकडे करायची होती. तिने लिहिलं, ‘अर्जदाराच्या पतीवर कृपया एक चाल वाया घालवण्यात यावी, ही नम्र विनंती.’